एक फ्लॅट आणि चार टेपा

"कर्ज काढणं ही कला आहे!" शुक्रवारी जेवताना चष्मेवाल्यांनी जाहीर केलं. "एकाकडे नाही, चौघांकडे अर्ज टाकलेत. भांडू देत आपसात!"

"आणि डॉक्टरांना काय सांगितलंत?" बायकोने विचारलं. विकाऊ फ्लॅट दातांच्या निवृत्त डॉक्टरांचा होता; रिकामा, घेऊन भाड्याने द्यायला अगदी झकास.

"पैसे तयार आहेत म्हटलं. म्हणून तर दोन लाख उतरले! कर्जाचं कळलं असतं तर दमडी सोडली नसती."

आता, कर्ज देणारा आधी आपला माणूस पाठवून जागा मोजून घेतो. चौघांनीही विचारलं, कधी पाठवू? झाडलोटीसाठी डॉक्टर फ्लॅट उघडत ते शनिवारी अकराला. चष्मेवाल्यांनी चौघांना तीच वेळ दिली आणि वर बजावलं, "मालकासमोर कर्जाचा क काढायचा नाही! सहज बघायला आलो म्हणा."

शनिवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी चष्म्यांच्या दुकानात त्यांचा मोबाइल खणाणला.

"अहो, एक गृहस्थ आलेत," डॉक्टर म्हणाले. "स्वयंपाकघर मोजतायत. सहज म्हणे!"

"मोजू द्या हो. हौशी असेल."

अकरा दहाला पुन्हा फोन. "चौघे झाले! एक जण भिंतींवर टकटक करतोय, मी दाढांवर करायचो तशी! एक न्हाणीघराचे फोटो काढतोय. उरलेल्या दोघांच्या टेपा दारात एकमेकींत गुंतल्यात!"

"क... कोण आहेत?"

"सांगतील तर शपथ! गिऱ्हाईक का विचारलं, तर छताकडे बघतात. म्हणजे गिऱ्हाईकच! तुमचे ते दोन लाख मी परत चढवतोय."

एका आजींच्या नाकावर बिनकाचेची फ्रेम तशीच सोडून चष्मेवाले धावत सुटले. वाटेत तिसरा फोन: "आणखी तीन चढवले!" जिन्यात चौथा आला, तो त्यांनी घेतलाच नाही. डॉक्टर वरून तसेच ऐकू येत होते.

"थांबा!" दारातूनच चष्मेवाले ओरडले. "ही गिऱ्हाइकं नाहीत! कर्जवाल्यांची माणसं आहेत, माझ्यासाठी आलेली! माझ्याकडे पैसे नाहीत!"

मग टकटकवाल्याने हळूच विचारलं, "म्हणजे आता बोललं तर चालेल?"

आणि चौघे जे सुटले!

"जागा सोन्यासारखी आहे, साहेब!"

"भाडं हमखास!"

"पाच वर्षांत दुप्पट!"

"इतक्या स्वस्तात कोण विकतं?"

डॉक्टरांनी आपल्याच फ्लॅटकडे नवऱ्या मुलीकडे बघावं तसं बघितलं. "खरंच की! मी तरी कशाला विकतोय? उलट वरचाही विकाऊ आहे, तोही घेऊन टाकतो. काय हो, मला द्याल का कर्ज?"

चार टेपा सर्रकन गुंडाळल्या गेल्या. चार माणसं वरचा फ्लॅट मोजायला जिन्याकडे धावली.

डॉक्टर मात्र दारात थबकले. "चष्मेवाले, तुमचा यात अभ्यास आहे. चौघांत स्वस्त कोण?"

चष्मेवाल्यांनी घाम पुसला, नीट विचार केला, आणि सगळ्यात जास्त व्याज लावणाऱ्याच्या माणसाकडे बोट दाखवलं.