आठ उपाय, संकट एकही नाही

श्रोतेहो, सिंगापुरात गुप्तहेर दोन प्रकारचे. सरकारी, ते कोण हे कुणालाच ठाऊक नाही. आणि मी, जो कोण हे आमच्या सगळ्या सेंगकांग वस्तीला ठाऊक आहे, कारण मी स्वतःच सांगत फिरतो. नाव पद्मनाभ. दिवसा वन-नॉर्थच्या एका ऑफिसात एकवीस वर्षं मुरलेला आयटी मॅनेजर, संध्याकाळी सत्यशोधक. नजर घारीची, कान हरणाचे, आणि बुद्धी कीर्तनं ऐकून ऐकून परजलेली. आमचे बुवा पूर्वरंगात आधी सिद्धान्त मांडतात आणि मग उत्तररंगात त्याला साजेसं आख्यान लावतात. माझ्या तपासाची पद्धत तीच. आधी निष्कर्ष, मग पुरावा.

"आणि पुरावा जुळला नाही तर?" संजीवनी विचारते. ही माझी सहायक. पत्नीही आहे, पण ते पद तिला आधी मिळालं.

"तर पुरावा चुकला."

"बरं," ती म्हणते. एवढ्या शांतपणे "बरं" म्हणणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तर आख्यान असं. आमच्या कीर्तनमंडळातल्या सात जणांनी बोर्निओच्या जंगलात मोहीम आखली होती. सहा दिवस नदीतून कयाक, मग चार दिवस डोंगर. चार कॉलेजची पोरं, आणि तीन रिझर्व्हिस्ट, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा पुरी करून नोकरीला लागलेले, पण दरवर्षी बोलावणं आलं की बूट शोधणारे तरुण. म्होरक्या यिशुन भागात राहणारा रोहन, रिझर्व्हिस्टच. उपम्होरकी इशिता, वय एकोणीस. गेले सहा महिने ही मुलगी पाठीवर दहा किलो तांदळाची पिशवी बांधून आपल्या इमारतीचे चौदा मजले चढत होती. शेजारच्या चिनी आजींची समजूत झाली होती की यांच्याकडे लिफ्ट वापरायला धर्माची मनाई आहे.

खर्च उचलणार होता एक धर्मादाय ट्रस्ट. तरुण आणि रिझर्व्हिस्ट एकत्र साहसाला निघाले की त्यांना अनुदान द्यायचं, हे त्याचं व्रत. देवाच्या दारी नुसतं नाव घेतलं तरी भागतं. ट्रस्टच्या दारी बावीस पानी अर्ज लागतो. "या नदीतून जाण्याने समाजाचा कोणता लाभ होईल?" या प्रश्नावर रोहनने दोन रविवार घालवले. तीनशे शब्दांची सक्ती होती, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर चार शब्दांत संपत होतं.

अर्ज गेला. गुरुवारी ट्रस्टचं पत्र आलं. "आपल्या जोखीम तक्त्यात समितीला आठ उपाय दिसतात, परंतु संकट एकही दिसत नाही. लाइफ जॅकेट कशासाठी, सर्पदंशाचं औषध कोणासाठी, हे कळत नाही. इतकं सुरक्षित जंगल समितीच्या पाहण्यात नाही. शुक्रवारी पाचपर्यंत तक्ता पूर्ण करावा, अन्यथा अर्ज बाद." आणि अनुदान नाही तर मोहीम नाही, रिझर्व्हिस्टांच्या रजा पुन्हा एकाच वेळी जुळायला दोन वर्षं लागली असती.

गुरुवारी संध्याकाळी इशिताच्या घरी बैठक बसली. यजमानीण तिची आई मधुमतीवहिनी. दर शनिवारी यांच्याच हॉलमध्ये कीर्तन होतं, आणि तबकात बुक्क्याशेजारी डास पळवायचा स्प्रे ठेवण्याची दूरदृष्टी यांचीच.

"संकटांचा रकाना आम्ही भरला होता काका," रोहन म्हणाला. "बुडणं, साप, वीज, दरड, सगळं. आठच्या आठ ओळी. पुसल्यात कुणीतरी. आत्ता परत भरून पाठवू का?"

"थांब," मी म्हणालो. "आज भरशील, उद्या पुन्हा पुसतील. आधी चोर."

त्याने संजीवनीकडे पाहिलं. तिने बशीतला शिरा त्याच्यापुढे सरकवला. अनुभवी माणसं सांत्वन असंच करतात.

माझा पहिला सिद्धान्त: प्रतिस्पर्धी. पलीकडच्या कॉन्डो सोसायटीतल्या सायकलवाल्यांनीही याच ट्रस्टकडे अर्ज केला होता. मी फोन लावला आणि चतुराईने विचारलं, "तुमच्या अर्जात किती संकटं आहेत?" पलीकडच्या गृहस्थाने बायकोला हाक मारली आणि फोन ठेवला.

"घाबरला," मी म्हणालो.

"रात्रीच्या जेवणाची वेळ आहे," संजीवनी म्हणाली.

दुसरा सिद्धान्त: घरभेदी. तिघा रिझर्व्हिस्टांपैकी प्रबोधने जंगलात जळवा असतात का, हे तीनदा विचारलं होतं. मोहीम बुडाली तर सुटका कुणाची? मी त्याला फोनवर गाठलं.

"काका, जळवांची ओळ तर मीच लिहिली होती. मी कशाला खोडू?"

"म्हणजे ती ओळ कुठे होती हे तुला नेमकं ठाऊक होतं."

तो गप्प झाला. गुन्हेगार असेच गप्प होतात. माझ्या घरातही मी बोलल्यावर सगळे असेच गप्प होतात, पण तो विषय वेगळा.

तिसरा सिद्धान्त परकीय शक्तींचा होता. तो मी उभा राहून मांडला, हातवारे करून, बुवांच्या थाटात. परकीयांना आमच्या जळवांचं काय पडलंय, असं मध्येच कुणीतरी पुटपुटलं. मी दुर्लक्ष केलं.

शेवटी मधुमतीवहिनींची जबानी घेतली, केवळ रीत म्हणून.

"तुमचा संशय कोणावर, वहिनी?"

"कोणी वाईट हेतूने केलं नसेल हो, भावोजी. आणखी शिरा घ्या."

मी वहीत नोंदलं: साक्षीदार भोळी, शिरा उत्तम.

शुक्रवारी दुपारी दोनला मी पुन्हा तिथे हजर. सोबत संजीवनी, भिंग, आणि प्रबोधवर पाळत ठेवण्याचा आराखडा. इशिता लॅपटॉप उघडून बसली होती.

"काका, तुम्ही व्हर्जन हिस्टरी बघितली का?"

"काय?"

"फाइल शेअर केलेली आहे ना. कोणी काय खोडलं सगळं दिसतं. एक क्लिक, लाह." इथे वाढलेल्या पोरांचं वाक्य "लाह"शिवाय संपत नाही.

एकवीस वर्षं आयटीत असलेल्या मी भिंग खिशात ठेवलं. तिने क्लिक केलं. पडद्यावर आलं: मंगळवार, पहाटे पाच चाळीस, आठ ओळी रिकाम्या. शेजारी नाव: मधुमती.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"आई?"

"तूच म्हणालीस, स्पेलिंग तेवढं बघ," वहिनी दारात येऊन म्हणाल्या. "पूजा आटोपून बसले वाचायला. पहिलीच ओळ, बुडून मृत्यू. खाली वीज अंगावर पडणे. आणि वर तुझं नाव. दिवा लावून उठलेली मी, असलं अभद्र घरात कसं ठेवू? उपाय चांगले होते, ते ठेवले."

"काल सांगितलं का नाहीस?"

"भावोजींनी चोर कोण ते विचारलं. मी चोरी कुठे केली?"

संजीवनीने माझ्याकडे पाहिलं नाही, हा तिचा मोठेपणा.

इशिता हळूच म्हणाली, "आई, पाचच्या आत हे लिहिलं नाही तर आम्ही जात नाही."

वहिनी दारातून आत आल्या आणि पडद्यावरच्या रिकाम्या रकान्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता नाहीच म्हणतील. आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझाही जीव त्यांच्याच बाजूला झुकला होता. चौदा मजले तांदूळ वाहणारी पोर समोर बसलेली, आणि बुडण्याची ओळ तिच्या नावाखाली लिहायची.

"लिही," त्या म्हणाल्या. "पण अर्धवट लिहू नकोस. आठच संकटं? जंगल काय आठ संकटांवर थांबतं? ओले मोजे लिही. ओल्या मोज्यांनी ताप येतो."

मग त्या सुरू झाल्या. उपाशीपोटी चालणं. चष्मा पाण्यात पडणं. लाजून कुणाला काही न सांगणं. रोहनने रस्ता चुकल्याचं कबूल न करणं. प्रत्येक संकटामागे उपाय, आणि शक्यतेच्या रकान्यात प्रत्येक वेळी "अल्प". "अल्प"वर बोट ठेवताना त्या डोळे मिटून घेत. चाळीस ओळी झाल्या तेव्हा साडेचार वाजले होते.

"आता शेवटची," इशिता म्हणाली. "संपर्क पूर्ण तुटणं. उपाय काय लिहू?"

वहिनींनी पदराला हात पुसले.

"लिही. सॅटेलाइट फोनवरून रोज संध्याकाळी सातला घरी फोन. सात वाजता आला नाही, तर साडेसातला मी निघते."

"आई, हे फॉर्ममध्ये कसं लिहायचं?"

"जसं सांगितलं तसं."

पाचला पाच कमी असताना तक्ता गेला.

बारा दिवसांनी ट्रस्टचं उत्तर आलं. अनुदान मंजूर. खाली समितीचा एकच शेरा होता: "चाळीस उपायांची आम्ही पडताळणी करू. एकेचाळिसावा पडताळण्याची गरज वाटत नाही."