मैदानातून निघालेलं विरजण

विमलताई भाच्याच्या मुंजीसाठी वर्ध्याला गेल्या होत्या, आणि त्या परतायच्या दिवशी सकाळीच दत्तात्रयरावांनी गरम भाताबरोबर घरातलं दही खाल्लं. वाटी चाटूनपुसून लख्ख झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण नुसतं दही खाल्लेलं नाही. आपण सासूबाईंना खाल्लं आहे.

कारण ते दही साधं नव्हतं. लग्न होऊन विमलताई वर्ध्याहून कलकत्त्याला आल्या, तेव्हा हावडा मेलमध्ये आईच्या हातचं विरजण मांडीवर धरून आल्या होत्या. त्याच दह्याचं विरजण, त्या विरजणाचं दही, असं ते कलकत्त्याच्या वेशीवरच्या बराकपूरच्या घरात आजवर चालत आलं होतं. आई गेली, वर्ध्याचं घर विकलं, पण रोज रात्री दुधात बोट फिरवताना विमलताई म्हणायच्या, "आई, लाग गं नीट." आणि आई लागायची.

बरं, विमलताई भांडणाऱ्यातल्या असत्या तरी चाललं असतं. त्या दुखावल्या की गप्प व्हायच्या. "वाढू का?" आणि "पुरे का?" एवढ्या दोन प्रश्नांवर संसार चालायचा, तोही महिना महिना. दत्तात्रयरावांनी जन्मभर बँकेत ऑडिटरांना तोंड दिलं, पण "वाढू का?" पुढे त्यांची मान वर होत नसे.

सुदैवानं मूळ विरजणाची एक फांदी कलकत्त्यातच, भवानीपूरला, विमलताईंच्या मैत्रिणीकडे, सुचित्राबाईंकडे होती. दत्तात्रयराव विमलताईंचीच झाकणाची वाटी घेऊन तिथं पोचले. बेत असा, की वाटी फ्रिजमध्ये होती तिथंच ठेवायची. कुणाला पत्ता लागता कामा नये.

सुचित्राबाईंनी वाटीत दही लावलं, ते लागेपर्यंत त्यांना दुपारचं जेवू घातलं, आणि मग वाटी रुमालात बांधून ओंजळीत दिली. "भावजी, आत्ताच लागलंय. हलवू नका हं. हललं तर पाणी सुटेल, आणि विमलला एका नजरेत कळेल की हे प्रवास करून आलंय."

"हलणार नाही."

"आणि तिला खरं सांगून टाकलंत तर?"

"वहिनी, तुम्ही विरजण दिलंत तेवढं पुरे. सल्ला नको."

मेट्रोच्या दारात पहिली ठेच लागली. रखवालदार म्हणाला, सामान मशिनमधून काढा. दत्तात्रयरावांनी त्या काळ्या पट्ट्याकडे पाहिलं.

"भैया, इसमें किरण रहता है. किरण से दही मर जाएगा."

"दही मरता है क्या?"

"ये जिंदा है," दत्तात्रयराव हळूच म्हणाले. "सासूबाई का है."

रखवालदार एक पाऊल मागे सरकला. पण पट्टा तो पट्टाच. मग मिनीबस उरली; आणि कलकत्त्याची मिनीबस म्हणजे चार चाकांवरचं ताक घुसळण्याचं यंत्र. तेव्हा दत्तात्रयरावांनी ठरवलं, शहराच्या मधोमध 'मैदान' म्हणून जो अफाट हिरवा माळ आहे त्यातून पायी एस्प्लनेड, तिथून पायीच सियालदह, आणि मग बराकपूर लोकल. बिघाड होईल असं त्यात काहीच नव्हतं.

दुर्गापूजेच्या आधीची ती दुपार होती. आभाळात पांढरे ढग असे तरंगत होते, जणू कुणी वरच्या मजल्यावर गाद्या पिंजायला काढल्यात. घोडे उभ्या उभ्या डुलक्या काढत होते. भरली वाटी हातात असली की माणसाचं एक होतं: जग सावकाश होतं. पाऊल टाकायचं, मग दुसरं टाकायचं. डोळे दह्यावर, म्हणजे झाकणावर. थोड्या वेळानं दत्तात्रयरावांना वाटायला लागलं की आपण चालत नाही आहोत. वाटी जागेवरच आहे आणि मैदान तिच्याखालून हळूहळू सरकतंय.

असंच सरकत सरकत मैदानानं त्यांना बांबूंच्या एका वाटेशी आणून सोडलं. दोन्हीकडे बांबू, वर रंगीत कापड, कुठेतरी कर्णा ओरडतोय. आता कलकत्त्यात पूजेच्या तोंडावर बांबू आणि कापड दिसलं तर तो काय, मंडपच. आणि मंडपाचा नियम दुधपित्या पोरालाही ठाऊक: एकदा रांगेत शिरलं की मागे वळायचं नाही, बांबू नेतील तिकडे जायचं, पलीकडून बाहेर पडायचं. एस्प्लनेड पलीकडेच होतं. दत्तात्रयराव शिरले.

रांगेत गोरे, काळे, पिवळसर असे उंचापुरे लोक होते, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. 'पूजा बघायला आता जगभरातून येतात म्हणे,' त्यांच्या मनात आलं, 'आणि मंडपवाल्यांचा भरवसा नाही म्हणून शहाण्यांनी हेल्मेटही आणलीत.' नारिंगी सदऱ्यातला एक स्वयंसेवक ओरडला, "एगिये चलुन, दादू! दाँडाबेन ना!" पुढे चला, थांबू नका, तीस शरदांत हेच ऐकलेलं. दत्तात्रयराव पुढे चालले.

तो मंडप नव्हता. 'जो गिरा सो गया' नावाच्या अडथळ्यांच्या शर्यतीचं ते थेट प्रक्षेपण होतं. देशोदेशीचे पैलवान चिखलावरच्या डुगडुगत्या फळ्या, फिरती पिंपं आणि झुलते गोळे ओलांडून टोकाची घंटा वाजवणार, आणि वाजवेल तो मोटार नेणार, असा मामला. आठवडा झाला होता. घंटेपर्यंत अजून कुणी पोचलं नव्हतं.

दत्तात्रयरावांनी समोरचा चिखल, दोर आणि फळ्या पाहिल्या. "यंदाची थीम सुंदरबन दिसते," ते कौतुकानं म्हणाले, आणि पहिल्या फळीवर पाय ठेवला.

त्यांच्या डावीकडून ब्राझील धावत गेला आणि चिखलात दिसेनासा झाला. उजवीकडून केनिया गेला, त्याचे फक्त बूट वर राहिले. दत्तात्रयरावांची फळी मात्र हलली नाही. फळी हलते ती माणूस घाबरतो म्हणून. दत्तात्रयराव फळीला घाबरतच नव्हते. त्यांची सगळी भीती वाटीत होती.

फिरतं पिंप आलं. सियालदहला पूर्ण न थांबलेल्या गाडीतून उतरताना पाय जसा पडतो तसा त्यांचा पाय पडला, पिंपानं अर्धी गिरकी घेऊन त्यांना पलीकडे अदबीनं उतरवून दिलं. मग झुलते गोळे; एकेक गोळा हत्तीच्या पिल्लाएवढा. एस्प्लनेडच्या फुटपाथवर बाजाराच्या दिवसांत ज्यानं बायकोमागून पिशव्या वाहिल्यात, त्याला गोळ्याचं काय? अंग चोरलं, खांदा तिरका केला. गोळा वाटीजवळून इतका हळू गेला की त्याचा वारा रुमालाच्या गाठीला लागला आणि गाठ फुलासारखी थरथरली.

"ये दादाजी कौन हैं भाई?" कर्ण्यावरचा निवेदक अर्णव किंचाळला. "किस देश से हैं?"

कुणीतरी रांगेत विचारलं होतं, आणि दत्तात्रयरावांनी खरं ते सांगितलं होतं. मोठ्या फलकावर नॉर्वे, जपान, केनिया, ब्राझीलच्या खाली अक्षरं उमटली: बराकपूर.

मागून नॉर्वेची इंग्रिड येत होती. सहा फूट उंच, तीनदा चिखलात पडलेली. या म्हाताऱ्याचा पाय पडतो तिथंच पाय टाकायचा असं तिनं ठरवलं आणि ती पडेनाशी झाली. तिच्या मागे जपानचा केन्जी.

"व्हॉट इज इन द बोल?" तिनं कुजबुजत विचारलं.

"शूऽऽ," दत्तात्रयराव म्हणाले. "लागलंय आत्ताच."

इंग्रिडनं मागे वळून केन्जीला केलं, "शूऽऽ." केन्जीनं प्रेक्षकांना केलं. बघता बघता मैदानावरचा गोंगाट विझला. अर्णवनंही आवाज खाली आणला. चहावाल्यानं किटलीचं झाकण धरून ठेवलं. आता कुणी म्हणेल थापा मारता. पण त्या दुपारी मैदानावरच्या कावळ्यांनीसुद्धा फांदी बदलली नाही. हजारो माणसं श्वास धरून बसली होती आणि मधून एक वाटी, मावळतीकडे कलणाऱ्या उन्हात, ढगासारखी चालली होती.

साबणाच्या फेसाचा चढ आला तेव्हा पुढून दत्तात्रयराव, मागून त्यांना पाठीशी धरून इंग्रिड, तिला धरून केन्जी, अशी आगगाडी वर गेली. माथ्यावर दत्तात्रयरावांनी इकडेतिकडे पाहिलं. देवी कुठेच नव्हती. नुसती पितळी घंटा टांगलेली.

"मूर्ती अजून आली नाही वाटतं," ते म्हणाले. पण घंटेपुढून तसंच जाणं बरं नव्हे. हात गुंतलेले, म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि भक्तिभावानं वाकून घंटेवर कपाळ टेकवलं.

ठण्ण!

तोफा उडाल्या, कागदांचा पाऊस पडला, लोक उठून नाचायला लागले. दत्तात्रयराव दचकून हातभर उडाले; ओंजळ मात्र होती तिथंच राहिली.

एक मुलगी धावत आली. कार्यक्रमाची दिग्दर्शिका, जान्हवी. जन्म कलकत्त्यातला, मराठी घरातलं, थोडं मोडकं. "काका! तुम्ही मराठी आहे ना? आमच्या सगळ्या पैलवानला हरवला तुम्ही! मोटार तुमची! फक्त नियम आहे, हातात काय होता ते दाखवायला लागेल. झाकण उघडा, कॅमेऱ्यासमोर."

"कॅमेरा?" दत्तात्रयरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "हे कुठे दिसतं?"

"सगळीकडे! लाइव्ह आहे!"

विमलताई आत्ता गाडीत असणार. शेजारच्या प्रत्येक बाकावर कुणी ना कुणी मोबाइल उघडून बसलेलं असणार. दत्तात्रयरावांनी वाटी छातीशी धरली. "नाही उघडणार."

"काका, मोटार आहे!"

"घरचं आहे ते," दत्तात्रयराव म्हणाले. "चारचौघांत उघडायचं नसतं." आणि मोटारीला वळसा घालून ते एस्प्लनेडच्या दिशेनं चालू लागले.

बराकपूरच्या घरात दिवा लागलेला होता. गाडी वेळेआधी आली होती. विमलताईंनी दार उघडलं, वाटी घेतली, झाकण काढलं. दही आरशासारखं. थेंबभर पाणी नाही. त्यांनी करंगळी टेकवून जिभेला लावली, क्षणभर डोळे मिटले.

"आईचंच आहे," त्या म्हणाल्या.

दत्तात्रयरावांनी सुटकेचा श्वास सोडला.

"टॅक्सीवाल्याच्या मोबाइलवर पाहिलं," विमलताई म्हणाल्या. "खाल्लंत त्याचं काही नाही. लपवायला निघालात." आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळानं आवाज आला, "वाढू का?"

संपलं! सगळं जग ओलांडून आलेला माणूस आपल्याच ताटावर आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जान्हवी आणि इंग्रिड दारात. दत्तात्रयरावांनी घाईनं केस विंचरले. "शिकवायला यायचं ना? येतो की. तसं काही अवघड नाही, गुडघे जरा—"

"काका, तुम्ही नाही," जान्हवी संकोचून म्हणाली. "इंग्रिड म्हणते, मोटारसाठी कुणी असा चालत नाही. तुम्ही ज्यांच्यासाठी असा चालत होता, त्या कोण? आम्हाला त्या पाहिजे."

विमलताईंनी पदर नीट केला, इंग्रिडला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आधी त्या पोरीला काहीतरी खायला घालते."

त्या दुपारी मैदानात घंटेशेजारी एक उंच खुर्ची मांडली होती. खुर्चीत विमलताई, मांडीवर पर्स. खाली देशोदेशीचे पैलवान, प्रत्येकाच्या ओंजळीत गोड दह्याचं मातीचं भांडं. कुणी जरा घाई केली की वरून नुसती एक नजर यायची. "हळू," विमलताई म्हणायच्या, आणि ब्राझील जागच्या जागी थबकायचा. फळ्या हलल्या नाहीत. पिंपं पाळण्यासारखी फिरली. कुणी गिरा नाही, कुणी गया नाही. अर्णव अंगाईसारखा कुजबुजत होता, आणि म्हणतात की त्या दुपारी हा कार्यक्रम बघता बघता देशभर जितकी माणसं सुखानं झोपली तितकी एरवी कधी झोपली नसतील.

विमलताई सगळ्यांशी बोलल्या. केन्जीला रुमाल कसा बांधावा ते सांगितलं, केनियाला विचारलं आई काय करते. दत्तात्रयरावांशी मात्र चकार शब्द नाही.

शेवटी जान्हवी म्हणाली, "आता काकांचा मानाचा फेरा!" टाळ्या पडल्या. दत्तात्रयरावांनी आशेनं वर पाहिलं. विमलताईंच्या हातात कालचीच वाटी होती, धुऊन पुसलेली, रिकामी. त्यांनी ती पर्समध्ये टाकून चेन ओढली.

म्हणून दत्तात्रयराव रिकाम्या हातांनी निघाले. असे ते कधी निघालेच नव्हते. हातांचं काय करायचं ते कळेना; एक खिशात गेला, एक पाठीमागे गेला, मग दोन्ही वर गेले. त्यांनी पहिल्यांदाच खाली पाहिलं. केवढा चिखल होता! फळीनं हळूच 'घाबरलात?' असं विचारल्यासारखं केलं, आणि दत्तात्रयराव, बराकपूर, धोतरासकट पहिल्याच फळीवरून धप्पकन आत.

नॉर्वेनं तोंडावर हात ठेवला.

चिखलातून चष्म्याविना एक डोकं वर आलं. डोक्याला काही दिसत नव्हतं. पण वरून, उंच खुर्चीतून, आधी बारीकसं खुसखुसणं आणि मग पर्स खाली पडण्याइतकं मोठं, खळाळतं हसू त्याला ऐकू आलं.

"अहो," डोळे पुसत विमलताई म्हणाल्या, "लागलं का कुठे?"

"नाही गं," चिखलातून दत्तात्रयराव म्हणाले. "हसतेस तोवर बसतो इथंच."