तीन मिलिमीटरचे इनास सर

मागच्या मे महिन्यात आमच्या एका सहकाऱ्याच्या लग्नात इनास सर स्टेजवर चढले, नवरदेवाची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि किंचित वर केली. दोन पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून पाहिलं, नवरीचे खांदे सारखे करायला लावले आणि समाधानाने जेवायला गेले. शुभेच्छा द्यायच्या राहूनच गेल्या.

सर आमच्या विरारच्या हॉस्पिटलात रेडिएशनचे सगळ्यात जुने टेक्नॉलॉजिस्ट. कॅन्सरच्या गाठीवर किरण नेमके पडावेत म्हणून पेशंटला रोज अगदी त्याच स्थितीत, तीन मिलिमीटरचाही फरक न पडता झोपवायचं, हे आमचं काम. जव्हारच्या शाळेतून आलेली, घरातली पहिली पदवीधर मी, पहिल्या दिवशी ते अवाढव्य यंत्र पाहून हरखून गेले होते. सर म्हणाले, "यंत्राकडे काय बघतेस, बाय? यंत्र शहाणं आहे. हलतो तो माणूस."

एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या घरी सोफ्याच्या चारही पायांभोवती फरशीवर पेनाच्या खुणा आहेत. चर्चमध्ये मिस्सा चालू असताना वेदीवरची मेणबत्ती कललेली त्यांना बघवत नाही, म्हणून फादरांनी त्यांना मागच्या बाकावर बसायची विनंती केली आहे. कोणी हसलं की एकच उत्तर: "तीन मिलिमीटर म्हणजे थोडं नाही, बाय."

गेल्या महिन्यात राजोडीच्या हिराबाई आल्या. मासळी विकणाऱ्या, घशाचा कॅन्सर. गाठ बरी होण्यासारखी होती, पण उपचार लगेच सुरू झाले तर. अशा पेशंटसाठी आम्ही जाळीचा मास्क बनवतो. प्लास्टिकची पाटी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढायची. थंड झाली की ती त्याच चेहऱ्याची होते आणि टेबलाला अडकवता येते. हिराबाईंचा मास्क झाला, स्कॅन झालं.

पहिल्या रेडिएशनला मात्र त्या मोठ्या यंत्राकडे जायचं म्हणून उंच अंबाडा घालून, त्यावर अबोलीचा वळेसर माळून आल्या. मी उत्साहाने मास्कच्या खिट्ट्या लावल्या आणि त्या धडपडू लागल्या. सोडवताच उठून चपला शोधायला लागल्या. बाहेर बसलेली मुलगी आत येऊन रडायला लागली.

सरांच्या एका नजरेत लक्षात आलं. स्कॅनच्या वेळी केस मोकळे होते. आता अंबाड्याने डोकं वर उचललं होतं. अंबाडा सोडा, मास्क नीट बसेल, म्हणाले.

"अंबाड्याचं काय सांगतं? मना घुसमटतं," हिराबाई म्हणाल्या. "तू कधी घातलंस काय ते तोंडावर?"

सरांनी इतक्या वर्षांत तो कधीच घातला नव्हता. मग त्यांनी मला नवी पाटी पाण्यात टाकायला सांगितली आणि स्वतः टेबलावर आडवे झाले. सगळा विभाग दाराशी गोळा झाला. पाटीचं एक टोक मी धरलं, दुसरं हिराबाईंनी. खिट्ट्या लागल्या. दोनच मिनिटांत सरांची बोटं टेबलाची कड चाचपू लागली. हिराबाईंनी तो हात हातात घेतला.

मास्क काढला तेव्हा सरांच्या गालांवर जाळीचे ठसे उमटले होते. हसलं कोणीच नाही.

"माझी बायको अशीच झोपायची," ते हिराबाईंना म्हणाले. "खिट्ट्या मीच लावायचो. रोज म्हणायची, घुसमटतं. मी म्हणायचो, काही नाही, उगाच वाटतं तुला." त्यांनी गालावरच्या ठशांवरून हात फिरवला. "घुसमटतं, बाई. खूप घुसमटतं."

"तरी झोपायची?"

"तेहतीसच्या तेहतीस दिवस. मी सांगायचो म्हणून."

हिराबाईंनी वळेसर काढून सरांच्या हातात दिला. एकेक पिन काढून केस मोकळे सोडले आणि स्वतःच टेबलावर चढल्या.

"फुलं दाबू नको," एवढंच म्हणाल्या.

जाड दरवाजा बंद झाला. बाहेरच्या पडद्यावर हिराबाई निश्चल दिसत होत्या. बटण मी दाबलं, कारण सरांचे दोन्ही हात वळेसर सांभाळत होते.