साहेबांच्या कोटातली गल्ली

वाळत घातलेला कॅमेऱ्याचा रोल उजेडात धरून बघताच लेटलतीफच्या तोंडचं पाणी पळालं. ऑफिसात रोज उशिरा पोचतो म्हणून हे नाव त्याला मोठ्या साहेबांनी बहाल केलं होतं. साहेब काल निवृत्त झाले. "मोबाईल खिशात ठेवा सगळ्यांनी. फोटो एकटा हा काढेल, रोलवर," हा निरोप समारंभातला हुकूमही त्यांचाच.

"अगं, घात झाला!"

बायको न्हाणीघराच्या दाराशी आली. "काय सांडलंत आता?"

"वापरलेलाच रोल पुन्हा घातला गं! एकावर एक फोटो आलेत."

रोल संपला की गुंडाळताना टोक बाहेर ठेवायची त्याची सवय. घरी धुताना ते बरं पडतं, पण रोल दिसतो मात्र कोरा. या रोलवर त्याची रोजची सकाळ होती. दुकानाचं शटर वर ढकलणारा शिंपी, पायरी धुणारा न्हावी, समोर बाकड्यावर ठरल्या जागी बसलेले तीन म्हातारे. घरी कुरकुर असो की ऑफिसात बोलणी, ही मंडळी जागच्या जागी दिसली की त्याच्या जिवात जीव यायचा. म्हणून तर तो तिथे रेंगाळायचा.

"एक फोटो कागदावर काढून तर बघा," बायको म्हणाली.

तिला आत घेऊन, दार लावून त्याने लाल दिवा लावला. ट्रेमधल्या रसायनात कागद हळूहळू काळवंडू लागला. साहेबांचा चेहरा उमटला, काळा कोट उमटला आणि त्या कोटात अख्खी गल्ली उतरली. छातीवर शटर उघडत होतं. म्हाताऱ्यांशेजारच्या रिकाम्या जागी साहेब अस्से बसले होते, जणू जन्मभर तिथेच बसत आलेत. बायको ट्रेवर वाकली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे तुम्ही केलंत?"

"मी कसला करतोय! झालंय."

संध्याकाळी तो फोटो घेऊन साहेबांच्या घरी गेला. निरोपाचा दुसरा धड फोटोच नव्हता.

साहेबांनी फोटोतल्या बाकड्यावर बोट ठेवलं. "हे बाकडं कुठलं?"

"ऑफिसमागच्या गल्लीतलं, साहेब. माझ्या वाटेवरच आहे."

"म्हणजे रोज इथे थांबता आणि मला गर्दीची कारणं सांगता?"

लेटलतीफने मान खाली घातली. साहेब मात्र पुन्हा फोटोत हरवले. "सकाळ झाली की जायचं कुठं, कळत नाही हो मला," ते पुटपुटले. फोटो त्यांनी ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी लेटलतीफ गल्लीत वळला आणि थबकला. बाकड्यावर चौथ्या जागी साहेब! तोच काळा कोट घालून ते वर जाणारं शटर आ वासून बघत होते.

त्याला बघताच त्यांनी सवयीने घड्याळ पाहिलं.

"निघा, उशीर होतोय तुम्हाला," ते म्हणाले. मग जरासे सरकले आणि त्यांनी हाताने बाकडं थोपटलं. "बसा पाच मिनिटं. न्हाव्याची पायरी अजून धुवायचीय."