नाचाने उबणारी अंडी

एका जंगलात, बाळांनो, अंडी नाचाने उबत असत. निदान तिथल्या प्राणिशास्त्र मंडळाचं तसं ठाम मत होतं.

मंडळाचे अध्यक्ष होते दादासाहेब मोर. चिटणीस होता करकोचा. आणि एक रानकोंबडा सभासद होता, तो प्रत्येक वाक्याला "वा, वा!" म्हणायचा. दरवर्षी दादासाहेब नाचतात आणि मग पिल्लं बाहेर येतात, हे तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणखी पुरावा कशाला हवा?

म्हणून नियम झाला. नाच सुरू झाला की सगळ्या आयांनी घरटी सोडून शाबासकी द्यायला यायचं. न येणारीला जंगलाबाहेर काढायचं. नाच लांबला की अंडी गार पडत. पिल्लं कमी निघत. मग मंडळ म्हणे, "शाबासकी कमी पडली," आणि पुढच्या वर्षी नाच आणखी लांबवे.

सावळी नावाची एक लांडोर होती. तिची अंडी अशीच गार पडली. ती पोटभर रडली, आणि मग बघायला लागली. जाळीजाळीतून हिंडली. अंड्यांना गाल लावून पाहिला. पुढच्या वर्षी दादासाहेबांच्या पायात काटा मोडला, नाच झालाच नाही, आया घरीच बसल्या. आणि पिल्लं झाडून सगळी निघाली!

त्याच्या पुढच्या वर्षी नाच पुन्हा ठरला, तशी सावळी तडक मंडळात गेली.

"दादासाहेब, अंडी नाचाने नाही उबत. पोटाच्या उबेने उबतात. काट्याच्या वर्षी बघा की!"

"त्या वर्षी अध्यक्ष मनातल्या मनात नाचले होते," करकोचा म्हणाला.

"वा, वा!" कोंबडा म्हणाला.

दादासाहेब मात्र गोड हसले. "बाई, तुम्ही स्वतः अंड्यांवर बसता ना?"

"बसते की."

"मग तुमचं मत तटस्थ कसं? जो अंड्यांवर बसला त्याला मंडळात जागा नाही. चिटणीस, करा हा नियम."

सावळी परतली. यंदाची अंडी फुटायच्या बेतात होती, आणि नाच उद्यावर आला होता.

"काय गं, दिला का मंडळाने तुला पिसारा?" शेजारच्या टिटवीने टोमणा मारला.

"पिसारा घेऊन काय करू? उद्या ही अंडी सोडून गेले, तर हीसुद्धा गार पडतील."

"मग त्या बाप्यांनाच बसा म्हणावं एकदा!"

टिटवी सहज बोलली. सावळी मात्र आल्या पावली माघारी गेली.

"दादासाहेब, माझंच चुकलं असेल. बसून बसून मला उबेचा भास होत असेल. तुमच्यासारख्या तटस्थ विद्वानाने एकदा बसून माझी चूक दाखवून द्यावी."

चूक दाखवायची म्हटल्यावर दादासाहेबांना कोण हुरूप! पिसारा करवंदीच्या काट्यांत अडकवत, कुरकुरत ते एकदाचे बसले. थोडा वेळ गेला. एकाएकी ते दचकले.

"अहो बाई, आतून कुणीतरी चोच मारतंय!"

"मारू दे. हलू नका."

दादासाहेब हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाचाची वेळ झाली तरी हलले नाहीत. करकोचा शोधत आला.

"अध्यक्ष, सगळे खोळंबलेत!"

"हळू बोला हो! दचकेल ना ते. आणि त्या आयांना म्हणावं, घरी जा."

करकोच्याने कान लावला. मग तोही म्हणाला, "मी बसू का जरा?" मग कोंबडा बसला. "वा, वा" म्हणायचंसुद्धा विसरला.

त्या वर्षी जंगलभर चिवचिवाट झाला. सावळीचं एकेक पिल्लू जगलं.

मंडळ आपल्या नेहमीच्या खडकावर भरलं, तेव्हा पंचाईत झाली. अंड्यांवर बसलेल्याला जागा नाही, आणि आता तर तिघंही बसून आले होते. तिघं माना खाली घालून खडकावरून उतरले.

सावळी वर चढली. तिने तो नियम काढून टाकला. तिघांना पुन्हा वर बोलावलं, आणि अध्यक्ष झाली. नाच तिने राहू दिला, पण पिल्लं निघाल्यावर. पिल्लांना तो फार आवडे.

दादासाहेब वर चढले ते घसा खाकरतच. "सभ्य प्राणिहो," ते म्हणाले, "मला नुकताच असा शोध लागला आहे, की अंडी उबेने उबतात."

सावळी खो खो हसली, आणि सगळ्यांत आधी तिनेच शाबासकी दिली. पिल्लं जगली होती ना!

तात्पर्य : विद्वानाला त्याची चूक कधी सांगू नये, बाळांनो. आपलीच चूक झाली म्हणावं. ती दाखवायला तो धावत येतो. आला, की त्याला हळूच अंड्यांवर बसवावं.