दांडी तुटलेला कप

व्यापारी चार वाजता येणार होता आणि कप सापडत नव्हता.

"कुठला कप?" लेकीने विचारलं. वडिलांना मदत म्हणून ती सकाळीच सासरहून आली होती आणि तिने सगळा कारखाना झाडून काढला होता.

"आईचा. निळा, प्लास्टिकचा. दांडी तुटलेला."

"तो होय! तो भंगारात टाकला मी."

"आणि भंगार मी चुऱ्याच्या मशीनमध्ये टाकलं," ऑपरेटर उत्साहाने म्हणाला. त्याला वाटलं, कामाचं कौतुक चाललंय.

मालक गोणीवर मटकन बसले.

कारखाना लहान. जुने डबे, झाकणं, खुर्च्यांचे पाय यांचा चुरा करायचा आणि त्याच्या बादल्या बनवायच्या. पण दोन जातींचं प्लास्टिक वितळलं तरी एकमेकांना धरत नाही, पापुद्रे सुटतात. ते धरावं म्हणून एका रसायनाचे पांढरे दाणे घालावे लागतात. हे काम मालकीणबाईंचं. तीस वर्षं त्या चुऱ्याच्या गोणीपाशी उभ्या राहून दाणे घालत आणि म्हणत, "तुम्ही मशीन बघा. इथे नाक खुपसू नका." मागच्या वर्षी त्या गेल्या. मालकांना एवढंच आठवत होतं की त्या वेळी त्यांच्या हातात हा निळा कप असायचा. म्हणून वर्षभर ते गोणीला दोन कप दाणे घालत होते. कप कोणाला धुऊही देत नसत.

त्या वर्षात माल दोनदा परत आला होता. आज व्यापारी स्वतः पारखायला येणार होता. तो बादली उलटी ठेवून तिच्यावर उभा राही, आणि त्याचं वजन शंभराच्या पुढे होतं. या वेळी बादली फुटली तर व्यवहार बंद, असं त्याने सांगून टाकलं होतं.

मालकांनी अंदाजाने दोन पेले दाणे घातले. बादली निघाली. ऑपरेटर तिच्यावर बसला आणि थेट जमिनीवर पोचला.

"कप जरा मोठा असेल," तो कंबर चोळत म्हणाला.

मालकांनी रागाने दाण्यांची अर्धी पिशवी ओतली. या वेळी बादली फुटली नाही. ऑपरेटर बसताच ती मऊ उशीसारखी खाली बसली.

"बाबा, पण कप कशाला हवाय?"

"मोजायला!"

"कपात तर चहा असायचा."

मालकांनी हातातला पेला खाली ठेवला.

"शाळेतून येऊन मी इथेच बसायचे ना. आईच्या एका हातात चहा आणि दुसऱ्या हाताने मुठी. सात मुठी, आठवी अर्धी. कपात दाणे भरले असते तर चहा कशात प्यायली असती ती?"

"मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत? मला वाटलं, कप आठवण म्हणून ठेवलाय."

मालकांनी पिशवीत हात घातला. लेकीने तो बाहेर काढला. "तुमची मूठ नको. पंजा बघा केवढा आहे!"

तिने सकाळच्या चुऱ्याच्या गोणीत सात मुठी घातल्या. आठवी भरली, बोटं सैल करून अर्धी परत पिशवीत सोडली आणि अगदी आईसारखा हात पदराला पुसला. मालकांनी पटकन तोंड फिरवलं.

"मी मशीन बघतो," ते म्हणाले.

व्यापारी आला. बादलीवर चढला. मग एक उडीही मारली. बादली हूं की चूं करेना.

"मालक, असा माल वर्षभर का नाही दिलात?"

"वर्षभर कप हरवला नव्हता ना."

व्यापाऱ्याला काही कळलं नाही. त्याने खाली उतरून बादली उजेडात धरली. करड्या प्लास्टिकमध्ये निळे ठिपके उमटले होते.

"हे ठिपके झकास दिसतात. सगळ्या अशाच हव्यात."

मालकांनी बादली त्याच्या हातातून काढून पोटाशी धरली.

"तेवढं नाही जमायचं. आणि ही घरची आहे, नमुन्याला दुसरी देतो."