टेबलावरचा दिवा

सव्वाअकरा वाजले तरी मॉनिटर काही जागा होईना.

स्वालाने कीबोर्डवरची एक कळ दाबली, मग चार, मग अख्खा पंजा. माउस फिरवला, शेवटी टेबलावर आपटला. पडदा काळा तो काळाच. कॉफी आणायला ती पाच मिनिटं स्वयंपाकघरात काय गेली, तेवढ्यात त्याने डोळे मिटले होते. कोपऱ्यातला निळा ठिपकाही विझलेला. टेबलाखाली कॉम्प्युटर मात्र निवांत घरघरत होता. त्याच्या पोटात वडिलांवरचा लेख होता. तीन दिवस खपून लिहिलेला, आणि एकदाही सेव्ह न केलेला.

परवा, शुक्रवारी, वडिलांचा, इंग्वारचा, अंत्यविधी. दाल्विकमध्ये, उत्तरेकडच्या या छोट्या गावात, माणूस गेलं की अंत्यविधीच्या दिवशी पेपरात त्याच्यावरचे लेख येतात. मुलं लिहितात, शेजारी लिहितात, बोटीवरचे सोबती लिहितात आणि चर्चला निघण्याआधी अख्खं गाव ते वाचून काढतं. लेख पोचवायची मुदत आज दुपारी बारापर्यंत होती. एकुलत्या एका मुलीचा लेख नाही, हे तर गावाच्या सगळ्यात आधी लक्षात आलं असतं.

तिने मॉनिटरचं बटण दाबलं. ते आत गेलं आणि बाहेर आलंच नाही.

"मी कशालाही हात लावलेला नाही," ऊना दारातून म्हणाली. तिच्या हातात फडकं होतं. "नुसती धूळ पुसली."

"मी काही म्हटलं का, आई?"

"तुझी पाठ म्हणतेय."

एवढ्यात समोरचा ओड्डूर आला. इंग्वारबरोबर एकाच बोटीवर त्याने तीस वर्षं काढली होती. "बंद करून चालू कर," त्याने आल्या आल्या सांगितलं.

"बंद केला तर लेख जाईल."

"सेव्ह नाही केलास? इंग्वारची पोर असून?" ओड्डूरने जीभ चावली. "माझा लेख कालच गेला. शेवट असा केलाय, 'माझ्या खिडकीतून इंग्वारच्या टेबलावरचा दिवा आजही दिसतो.' लिहिताना माझंच मला रडू आलं."

"तो दिवा!" ऊना म्हणाली. "उन्हाळ्यात इथे चोवीस तास उजेड, आणि हा माणूस दिवा लावून बसायचा. अकरा वर्षं बोलून बोलून तोंड दुखलं माझं."

मॉनिटरची तार इंग्वारने टेबलामागे ठोकलेल्या लाकडी पेटीत शिरत होती. पेटीला आठ स्क्रू होते. इंग्वारला चार कधी पुरले नाहीत.

"माझा टीव्ही आणू," ओड्डूर म्हणाला. "पडदा तो पडदा."

अकरा पंचवीसला दोघं टीव्ही घेऊन रस्ता ओलांडत होते. फ्योर्डच्या खाडीवरून येणारा वारा त्या टीव्हीला शिडासारखा ढकलत होता. बेकरीच्या दारातून कुणीतरी ओरडलं, "अंत्यविधीला मॅच दाखवणार की काय रे?"

टीव्ही ठेवायला जागा एकच होती, खिडकीचा कट्टा. तिथे तो बसला आणि खोलीत काळोख झाला. कॉम्प्युटरला तारही जोडली. पण टीव्हीला वीज कुठून देणार? तिन्ही सॉकेट पेटीत. ओड्डूरने आठही स्क्रू काढले, झाकण बाजूला ठेवलं आणि आत हात घातला. अकरा चव्वेचाळीस झाले होते.

"तीन प्लग आहेत. तिन्ही काळे."

"कॉम्प्युटरचा काढू नकोस!"

"कोणता ते दिसायला नको का, पोरी? अंधार आहे इथे."

"मधला असेल," स्वाला म्हणाली. "नाही, थांब. डावीकडचा. नको, थांब!"

"मी थांबलोच आहे. आता सांग तरी."

ओड्डूरची बोटं मधल्या प्लगवर होती.

"डोळे फोडून घ्याल दोघं," ऊना पुटपुटली आणि तिने टेबलावरचा दिवा लावला.

मॉनिटर जागा झाला. लेख जिथल्या तिथे होता.

धूळ पुसताना तोच दिवा ऊनाने विझवला होता. ओड्डूरने हळूच हात बाहेर काढला. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. तो त्याने उजेडात धरून वाचला. अक्षर इंग्वारचं, तारीख अकरा वर्षांपूर्वीची. 'पडद्याचं बटण मोडलं आहे. वीज दिव्यातून दिली आहे. दिवा विझला की पडदा बंद. हे ऊनाला सांगायचं.'

ऊनाने कागद घेतला, दोनदा वाचला आणि घडी करून एप्रनच्या खिशात ठेवला. मग ती पडद्याजवळ आली. लेखात वरूनच तिसरी ओळ होती, 'बाबा इतके विसरभोळे, की भर उन्हाळ्यातही त्यांचा दिवा जळत राहायचा.'

"काढते हे वाक्य," स्वाला म्हणाली. "चुकीचं आहे."

"राहू दे," ऊना म्हणाली. "विसरभोळा होताच. मला सांगायचं विसरला."

अकरा छप्पन्नला लेख गेला. स्वालाने आधी तो सेव्ह केला, दोनदा. ओड्डूर टीव्हीची एक बाजू धरून दुसरी कोण धरतंय याची वाट पाहत उभा राहिला. आता लेख गेलाच होता, तेव्हा स्वालाने दिवा बंद करायला हात पुढे केला.

ऊनाने तिच्या मनगटावर फडकं मारलं. "जळू दे शुक्रवारपर्यंत. ओड्डूरने पेपरात लिहून ठेवलंय. गावासमोर खोटा पडेल बिचारा."